ञ कशाचा?

आमच्या नगरपरिषदेच्या बारनिशीत एक प्रश्न विचारायची सोय नव्हती. "गुरुजी, ही माहिती तुम्हाला कशाला हवीय?" असं कुणी विचारलं की गुरुजी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कलम सहा, पोटकलम दोन." इतर माणसं 'राम राम' म्हणतात, तसं. माहिती मागणाऱ्यानं कारण सांगायची गरज नाही, एवढंच ते पोटकलम सांगतं. नवा लिपिक आला की तो हा प्रश्न एकदा विचारायचाच. दुसऱ्यांदा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी तिथला जन माहिती अधिकारी. म्हणजे मूळचा कार्यालय अधीक्षक. पण ही माळ प्रत्येक कार्यालयात कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागते, आणि २००८ साली मी मेव्हणीच्या लग्नाला रजेवर गेलो असताना ती माझ्या गळ्यात पडली. त्यात वाईट म्हणजे गुरुजींनी मला पहिलीत शिकवलं होतं. १९७३ साली, जिल्हा परिषदेच्या शाळेत, कौलं गळायची त्या कोपऱ्यातल्या वर्गात. त्यामुळे अर्जात मी 'मा. जन माहिती अधिकारी, आपण' असायचो आणि तोच अर्ज देताना खिडकीशी 'काय रे, जेवलास का?'

गुरुजी २००४ च्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या १२ ऑक्टोबरला लागू झाला. मधल्या काळात त्यांनी काय केलं, याबाबतची माहिती निरंक आहे. राज्याचा स्वतःचा कायदा २००२ पासून होता, हे ते अभिमानानं सांगत ("दिल्लीच्या आधी आपण!"), पण नोकरीत असताना त्यांनी तो वापरला नव्हता. नोकरीत असताना माणूस बरंच काही वापरत नाही.

त्यांची पिशवी पाहण्यासारखी होती. एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत मिळालेली, बंद दोनदा बदललेले. तिच्यात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पांची पट्टी, डिंकाची बाटली, लाल बॉलपेन आणि कायद्याचं पुस्तक. पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर शाळेतलं लेबल. विषय : माहितीचा अधिकार. इयत्ता या शब्दापुढं रेघ. तुकडी या शब्दापुढंही रेघ.

तालुक्यात अर्जदारांचा दुसराही एक प्रकार आहे, तो चटकन सांगून टाकतो. त्यांच्याकडे लेटरहेड असतं, गळ्यात ओळखपत्र असतं. सकाळी अर्ज येतो, संध्याकाळी फोन येतो, "साहेब, बसून मिटवू." दोन दिवसांनी अर्ज मागे घेतल्याचं पत्र येतं. असल्या लोकांची कार्यालयाला भीती वाटत नाही. त्यांचा भाव ठरलेला असतो. गुरुजींचा भाव मात्र कुणालाच काढता आला नाही, आणि कार्यालयाला धसका होता तो त्याचाच.

काकूंना वेगळा धसका होता. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. ती बातमी आली त्या दिवशी काकूंनी गुरुजींच्या फिरायच्या चपला माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून गुरुजी गच्चीवर फिरतात. पाण्याच्या टाकीला वीस फेऱ्या.

आता मुळाक्षरांकडे येतो. कायद्याच्या आठव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात, कोणकोणती माहिती नाकारता येते याचे दहा खंड आहेत. मराठी प्रतीत त्यांना क, ख, ग, घ, ङ आणि च, छ, ज, झ, ञ अशी अक्षरं दिली आहेत. छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलेल्या माणसाच्या हाती हे पुस्तक पडल्यावर दुसरं काय व्हायचं? गुरुजींनी एक जुना तक्ता आणून माझ्या टेबलावर पसरला. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा, घ घराचा.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचू लागलो. पन्नाशीला टेकलेला माणूस, समोर चार शिपाई, दोन नगरसेवक.

"चित्रं नकोत. कायदा वाच. क देशाच्या सार्वभौमत्वाचा. ख न्यायालयानं मनाई केलेल्याचा. ग विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा. घ व्यापारी गुपिताचा. छ कुणाच्या जिवाला धोका असेल त्याचा. ज तपासाचा. झ मंत्रिमंडळाच्या कागदांचा. आता तक्त्यात चित्र नसलेली अक्षरं कोणती?"

"ङ आणि ञ."

"बरोबर. जन्मभर पोरं मला विचारायची, गुरुजी, ञ कशाचा? मी सांगायचो, गप्प बस, पुढं चल. आज उत्तर मिळालं. ङ विश्वासानं सोपवलेल्या माहितीचा, ञ वैयक्तिक माहितीचा. ज्या अक्षरांना चित्र नाही, त्यांच्यात काय वाटेल ते कोंबता येतं. तू बघ, तुमचं ऑफिस शेवटी याच दोघांच्या आड जाऊन बसणार."

मी हसलो होतो. कारंज्याचा अर्ज त्याच्या पुढच्याच महिन्यात आला.

आमच्या चौकात एक कारंजं आहे. मधोमध सिमेंटचं कमळ, भोवती हौद. कमळातून पाणी उडालेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. हौदात पावसाचं पाणी साठतं, त्यात म्हशीची पारडी डुंबतात. गुरुजींनी मागितलं ते एवढंच : निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. अर्ज मोजून दीडशे शब्दांचा. २०१२ साली राज्यानं नियमात दुरुस्ती केली, की अर्ज एकाच विषयाचा हवा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा मोठा नको. या नियमानं इतर अर्जदार हिरमुसले, गुरुजी खुलले. त्यांना समास येत होता. 'नगरपरिषदबांधकामविभागीयमोजमापपुस्तिका' हा त्यांच्या हिशेबी एक शब्द. मी एकदा हरकत घेतली, तर म्हणाले, "विग्रह करून दाखव."

कंत्राटदार तेव्हाच्या अध्यक्षांच्या नात्यातला. बांधकाम विभागातून निरोप आला, "द्यायचं नाही, काहीतरी लावा." कार्यालयाच्या भाषेत कलम 'लावतात', जखमेला हळद लावावी तसं. मी घ लावला, व्यापारी गुपित. गुरुजींनी वीस रुपयांचं तिकीट चिकटवून पहिलं अपील केलं : न उडणाऱ्या पाण्यात कुठलं गुपित आहे? मग मी ङ लावला, कंत्राटदारानं कागद आमच्याकडे विश्वासानं दिले आहेत म्हणून. गुरुजींनी रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल जोडला. बँकांनी कायद्यानं द्यावी लागलेली माहिती म्हणजे विश्वासाची ठेव नव्हे, असं तिथं रिझर्व्ह बँकेला सांगितलं गेलं होतं; आमचं कारंजं त्यापुढं काय! शेवटी ज लावला. या कामाची चौकशी सुरू आहे म्हणून. चौकशी खरंच सुरू होती. मीच एक पत्र लिहून आदल्या दिवशी सुरू केली होती.

ज वर गुरुजी उभे राहून बोलायचे. नुसती चौकशी चालू आहे एवढ्यावर भागत नाही, माहिती दिल्यानं तिला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ साली म्हटलं आहे, आणि त्या प्रकरणातल्या अर्जदाराचं नाव भगतसिंग. हुतात्म्यांशी संबंध नाही हे गुरुजींना ठाऊक होतं. तरी नाव बसून घ्यायचं नाही.

निकालांच्या बाबतीत मीही अगदी कोरा नव्हतो. उत्तरपत्रिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क दिला, पण त्याच निकालात असंही म्हटलं की कार्यालयातल्या पंचाहत्तर टक्के लोकांनी पंचाहत्तर टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवावा, अशी स्थिती देशाला नको आहे. त्यातला पहिला परिच्छेद गुरुजींच्या पिशवीत आणि दुसरा माझ्या टेबलाच्या काचेखाली. पहिल्याबद्दलही गुरुजींच्या मनात एक खुटखुट होती म्हणा. "हा निकाल माझ्या वेळी असता तर? पाटीवरचं आम्ही पुसून टाकायचो. अभिलेख नष्ट केल्याचाच गुन्हा झाला की रे तो."

दुसरं अपील आयोगाच्या खंडपीठापुढं सुनावणीला यायला दोन वर्षं लागली. तारखेच्या दिवशी पहाटे साडेपाचच्या एसटीत मी चढलो, तर खिडकीशी गुरुजी. शेजारची जागा मोकळी. बसलो. सरळ विषयाला हात घालावा म्हणून मी म्हणालो, "गुरुजी, आपण आपसात..." त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पहिलीच्या वर्गासारखं. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. तुझ्या पोरीचं बारावीचं काय झालं ते सांग." वाटेत त्यांनी डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा. याला कलम नाही."

मला घास गिळवत नव्हता. कायद्यात दंड आहे : दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि तो कार्यालयाच्या नव्हे, माझ्या पगारातून. सुनावणी सात मिनिटांत आटोपली. आयुक्तांनी घ, ङ आणि ज ही तिन्ही अक्षरं फेटाळली आणि गुरुजींना विचारलं, यांच्यावर शास्तीची कारवाई व्हावी असं आपलं म्हणणं आहे का? गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग, वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकावर शेरा लिहितात त्या आवाजात म्हणाले, "मुलगा हुशार आहे. लक्ष नसतं."

लघुलेखकानं ते लिहून घेतलं. मला समज देऊन सोडलं, माहिती पंधरा दिवसांत मोफत द्यायचा आदेश झाला.

आणि तेव्हा, साहेब, आम्ही पहिल्यांदा ती संचिका शोधायला गेलो. अडीच वर्षं तीन अक्षरांचा पहारा ज्या फायलीवर बसवला होता, ती कुणी डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती. मी नाही, मुख्याधिकाऱ्यांनी नाही, आणि 'द्यायचं नाही' म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. अभिलेख कक्षात सहा गठ्ठ्यांची पद्धत कागदावर आहे. प्रत्यक्षात एकच गठ्ठा आहे आणि तो खोलीभर आहे. आठ दिवस धूळ खाल्ली. शेवटी मी पत्र टाइप केलं : 'सदर संचिका आढळून येत नाही.'

गुरुजी तक्ता घेऊन आले.

"हे कुठल्या अक्षरात?"

मी क पासून ञ पर्यंत बोट फिरवलं. नव्हतंच. नाकारायला दहा कारणं दिली आहेत, त्यात हरवणं नाही. उलट सार्वजनिक अभिलेखांचा २००५ चा राज्याचा वेगळा कायदा आहे, आणि त्यात शिक्षेची तरतूद आहे. तेही पुस्तक पिशवीत होतं. त्यालाही खाकी कव्हर होतं.

चौदाव्या दिवशी संचिका सापडली. 'उंदीरनाशक औषध खरेदी' असं लिहिलेल्या रुमालात बांधलेली होती, आणि खरेदीचा काही उपयोग झाला नसल्याचं तिच्यावरून दिसत होतं. मोजमाप पुस्तिकेचं पान हाती आलं. त्यावर उपअभियंत्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, की चाचणी घेतली असता पाणी — पुढं रुपयाएवढं भोक — फूट उंच उडाले. नेमका आकडा उंदरानं खाल्ला होता. मी झेरॉक्स काढली, भोकाच्या कडेला 'सत्यप्रत' असा शिक्का मारला, खाली सही केली. गुरुजींनी ते पान उजेडाकडे धरलं आणि भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"निरंक," ते म्हणाले.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पुढच्या आठवड्यात नवा अर्ज आला : 'सुनावणीस उपस्थित राहिल्याबाबत जन माहिती अधिकारी यांनी सादर केलेल्या प्रवासभत्ता देयकाची सत्यप्रत.' ज्या गाडीत आम्ही शेजारी बसलो, ती साधी लाल गाडी होती. देयकात मी निमआराम गाडीचं भाडं लावलं होतं. जाऊन-येऊन अडतीस रुपयांचा फरक. सगळेच लावतात.

आणि मी ञ लावला.

खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या अक्षराची ऊब कळली. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली गिरीश देशपांडे यांच्या प्रकरणात नोकरदाराला दिलेले मेमो, शिक्षा, मालमत्तेचे तपशील हे वैयक्तिक ठरवले आहेत. तो निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यालयात पाठ आहे. कुणी नमुना बघून उत्तर लिहितो, कुणी झोपेतही लिहील. मीही लिहिलं. वर शुद्धलेखन तपासून घेतलं, कारण आधीच्या अपिलात गुरुजींनी 'माहीती' या माझ्या दीर्घ ही ला लाल गोल केला होता आणि तो अपिलाचा मुद्दा क्रमांक पाच होता.

त्यांचं अपील तीन ओळींचं आलं. ञ ला तेव्हा एक शेपूट होतं : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. गुरुजींनी एवढंच विचारलं होतं, की हे देयक आमदारांनी विधानसभेत मागितलं असतं तर आपण ञ लावला असता काय. भाड्याचा, गाडीचा, भाकरीचा उल्लेख कुठंही नाही.

मी चलनानं अडतीस रुपये भरले. देयकाची प्रत दिली, चलनाची प्रत सोबत जोडली. गुरुजींनी दोन्ही पाहिल्या, पोच लिहून दिली आणि विचारलं, "काय रे, जेवलास का?" तो विषय पुन्हा त्यांच्या तोंडी आला नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मंजूर केला. त्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात, अगदी शेवटाकडे, ञ ची दुरुस्ती आहे. माहिती वैयक्तिक असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, त्यात व्यापक लोकहित आहे का, हे सगळं पाहणं तिथून गेलं. आमदारांचं शेपूटही गेलं. उरलं ते फक्त 'वैयक्तिक माहिती'. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये त्या दिवशी चहाबरोबर भजी मागवली होती. गुरुजी दुपारी आले, बाकावर बसले, खाकी कव्हरचं पुस्तक उघडलं आणि तेवढ्या ओळी खोडल्या. लाल पेननं नव्हे, पेन्सिलीनं.

"पेन्सिल का, गुरुजी?"

"पुसता येते." मग पान उलटून म्हणाले, "आठचं दुसरं पोटकलम अजून आहे. नुकसानीपेक्षा लोकहित जड असेल तर माहिती देता येते. तराजू ठेवलाय त्यांनी. वजनं तेवढी तुमच्याकडे दिलीत." मी भजी खाल्ली होती, म्हणून बोललो नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, २०२४ साली, कारंज्याच्या कंत्राटदाराच्या भाच्यानं अर्ज टाकला : 'सदर गृहस्थांनी आजवर आपल्या कार्यालयात केलेल्या सर्व अर्जांच्या प्रती मिळाव्यात.' आता हे गृहस्थ म्हणजे त्रयस्थ पक्ष. अकराव्या कलमानुसार त्यांना नोटीस द्यायला हवी, आक्षेप असल्यास दहा दिवसांत कळवा म्हणून. मी पाठवली. मनात म्हटलं, आता गुरुजी स्वतः ञ लावतात का बघू.

ते चौथ्या दिवशी आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.

"एकोणीस वर्षांत ऑफिसनं मला आपणहून लिहिलेलं हे पहिलं पत्र," ते म्हणाले. "घरी काकूंना वाचून दाखवलं." नोटिशीत मी 'तृयस्थ' लिहिलं होतं, त्याला लाल गोल होता. खाली उत्तर, दीडशे शब्दांत. अर्जदारास सर्व प्रती द्याव्यात, आक्षेप नाही. कलम दहाप्रमाणे फोन नंबर आणि घराचा पत्ता तेवढा झाकावा, कारण घरी काकू एकट्या असतात. आणि त्यापूर्वी आपल्याला ते सर्व अर्ज बसून पाहू द्यावेत, कारण आपल्याकडच्या २००९ पर्यंतच्या प्रतींना वाळवी लागली आहे. या विनंतीचा जोडपत्र 'अ' मधला वेगळा अर्ज, तिकिटासह, सोबत होता.

अर्ज तीनशे सतरा निघाले. दुपारी बरोब्बर तीनला मी ते रुमाल त्यांच्यापुढं सोडले. पाहणीचा पहिला तास फुकट असतो, पुढं पैसे पडतात. गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि वाचायला बसले. पहिल्या गठ्ठ्यातलं अक्षर फळ्यावरच्यासारखं : गोल, ताठ, शिरोरेघ पट्टीनं मारलेली. शेवटच्या गठ्ठ्यात वेलांट्या थरथरायला लागल्या होत्या. ते मधूनच हसत, मधूनच बोटांवर शब्द मोजत. एकदा कार्यालयाचा पंखा बंद पडला तरी त्यांना कळलं नाही.

पावणेचारच्या सुमारास ते थबकले. २००७ चा एक अर्ज. 'आवक नोंदवही' लिहायचं तिथं त्यांनी 'अवाक नोंदवही' लिहिलं होतं. आम्ही त्या अर्जाला उत्तरही दिलं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गुरुजींचा हात आपोआप पिशवीत गेला आणि लाल पेन बाहेर आलं.

"गुरुजी," मी म्हणालो, "मूळ अभिलेख आहे. खाडाखोड करता येणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेनला टोपण लावलं. चार वाजायला दोन मिनिटं होती. उठले, घड्याळ मनगटावर बांधलं, रुमालाची गाठ स्वतः मारली. दारापर्यंत गेले आणि परत खिडकीशी आले.

"जोडपत्र 'अ' चा एक कोरा नमुना दे," ते म्हणाले आणि बाकावर बसून डिंकाच्या बाटलीचं झाकण फिरवू लागले.